वीज अपघाताची चौकशी: शोध कारणाचा की दोषीचा?

लाइनमन शॉक लागून दगावला की २४ तासांत विद्युत निरीक्षकाला वर्दी आणि ४८ तासांत लेखी अहवाल, ही पद्धत १९५६च्या नियमांपासूनची. २००३मध्ये वीज कायदाच नवा आला, तरी अपघाताचं कलम १६१व्या क्रमांकावर जवळपास जुन्याच रूपात राहिलं. मुदतीही २००५च्या नियमांत तशाच आल्या.

घोळ वेगळाच आहे. हे कलम फक्त मृत्यू-दुखापतीपुरतं नाही. जीव जाऊ शकला असता, असा अपघातही त्यात येतो. शटडाऊन (कामासाठी वीजबंदी) भलत्याच फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या दुसऱ्याच लाइनचं घेतलं, तार अर्थ करायचा डिस्चार्ज रॉड टाकताच जाळ झाला, खांबावरचा माणूस थोडक्यात वाचला, तर तेही कळवायला हवं. पण अशा गोष्टी सहसा टपरीवरच्या गप्पांतच राहतात. निरीक्षकाच्या चौकशीत दोन प्रश्न असतात: अपघात कशामुळे झाला आणि कायदा-नियम कितपत पाळले गेले. दुसऱ्याच्या उत्तरात कुणाचं तरी नाव येतं. माणूस धडधाकट घरी गेलेला असताना आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

भारनियमनाच्या काळात दुकानोदुकानी जनरेटर आले. जनरेटर आणि लाइन यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नसला तर जनरेटरचे २३० व्होल्ट उलटे डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतात आणि वरच्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन निघतात. उपकेंद्रात ब्रेकर बंद, हातात लाइन परमिट (लाइनवर कामाची लेखी परवानगी), तरी तार जिवंत. अहवालात मग येतं, ‘मयताने डिस्चार्ज रॉड लावला नव्हता.’ खोटं नाही ते. पण शाखा कार्यालयात धड रॉड होता का, आणि त्या दुकानाची जोडणी कुणी तपासली होती, हे प्रश्न मागे पडतात. माझ्या मते अपघाताचं खरं कारण तिथेच सापडतं.

२००५मध्ये राज्याच्या वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. २०११च्या केंद्रीय नियमावलीने सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा समिती आणली. २०१०चे सुरक्षा नियम जाऊन २०२३चे आले. कागद सुधारत गेला. खांबावर चढणारा मात्र अनेक ठिकाणी आता कंत्राटी असतो. त्याचे हातमोजे, खांबावर काम करायचा झुला, प्रशिक्षण ठेकेदाराकडे, परमिट कंपनीचं. चौकशीतल्या सूचना त्या ठेकेदाराच्या नावे निघतात, आणि कंत्राटाची मुदत संपली की त्याच लाइनवर दुसऱ्या ठेकेदाराची माणसं येतात.