मानेमुळे चढलेली डोकेदुखी की मेंदूत फुटलेला ॲन्युरिझम?

डोकं मागून दुखतंय, मान आखडलीय, मळमळतंय. एवढं कानावर आलं की घरातली निदानं ठरलेली असतात: ‘पित्त झालंय’ किंवा ‘स्पॉन्डिलायटिसने डोकं धरलंय’. बऱ्याचदा ती बरोबरही निघतात. पण मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यावरही हेच सगळं होतं, आणि तिथे पहिल्या काही तासांवर जीव अवलंबून असतो.

ॲन्युरिझम म्हणजे मेंदूच्या धमनीला, बहुतेक वेळा ती जिथे फाटा फोडते तिथे, भिंत कमकुवत होऊन आलेला फुगा. शंभर प्रौढांमागे साधारण ३ जणांना तो असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. न फुटलेला लहान फुगा सहसा दुखतही नाही. त्यामुळे ज्यांना ॲन्युरिझमही आहे आणि मणक्याचा त्रासही, त्यांची नेहमीची डोकेदुखी बहुधा मानेची किंवा मायग्रेनची असते. त्यांनी घाबरायचं ते नेहमीपेक्षा वेगळ्या, अचानक आलेल्या दुखण्याला.

मानेच्या डोकेदुखीचं मूळ बहुतेकदा वरच्या तीन मणक्यांपाशी, सी-१ ते सी-३ मध्ये असतं. तिथून येणाऱ्या नसा आणि कपाळाकडून, डोळ्याकडून येणारी नस मेंदूच्या बुडाशी एकाच केंद्रात पोहोचतात. म्हणून बिघाड मानेत आणि ठणका डोळ्यामागे. एमआरआयच्या रिपोर्टात मात्र बहुधा सी-५, सी-६ ची झीज लिहिलेली असते. पन्नाशीनंतर ती अनेकांत सापडते, आणि तिच्यामुळे हात दुखतो, बोटांना मुंग्या येतात. डोकं दुखण्याशी तिचा संबंध क्वचितच असतो. म्हणून कपाटातला जुना रिपोर्ट आजच्या डोकेदुखीचं कारण मानू नका.

पेशंटला पहिला प्रश्न हा विचारा: दुखणं सुरू झाल्यापासून शिगेला पोहोचायला किती वेळ लागला? मानेचं दुखणं हळूहळू चढतं. चर्चगेटहून विरारपर्यंत मान खाली घालून मोबाइल बघितला, तर बोरिवलीला मान जड होते आणि उतरेपर्यंत त्याच बाजूचा डोळा ठणकू लागतो. फुटलेल्या ॲन्युरिझमची वेदना साधारण मिनिटभरात टोक गाठते. पेशंट नेमका क्षण सांगतो: बादली उचलली तेव्हा, शौचाला जोर केला तेव्हा, किंवा नुसतं बसलेलं असताना. सोबत क्षणभर शुद्ध हरपली, फिट आली, किंवा एक पापणी खाली येऊन त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर पुढे काही तपासत बसू नका.

मान दोन्हींत आखडते, पण वेगळ्या तऱ्हेने. मणक्याच्या त्रासात डावी-उजवीकडे वळवताना अडते. रक्तस्रावात ती बऱ्यापैकी वळते, पण हनुवटी छातीकडे नेताना लाकडासारखी ताठ होते, कारण रक्ताने चिडलेली मेंदूची आवरणं वाकताना ताणली जातात. हा ताठरपणा यायला काही तास लागतात, म्हणून सुरुवातीला मान मऊ लागली तरी निर्धास्त होऊ नका. पुढे काही दिवसांत रक्त कण्याभोवती उतरलं की कंबर-पाय दुखतात आणि सायटिका समजून त्यावरच उपचार चालू राहतात.

फसगत आणखी तीन ठिकाणी होते. गोळीने दुखणं कमी झालं म्हणजे धोका टळला असं नाही. बीपी १८० आलं की ‘बीपीमुळे डोकं दुखतंय’ म्हणतात, पण रक्तस्रावानेच बीपी चढलेलं असू शकतं. ईसीजीही बिघडू शकतो, मग हार्ट अटॅक समजून ॲस्पिरिन दिली जाते आणि रक्तस्राव वाढण्याचा धोका ओढवतो.

शंका आली तर दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. पेशंटला जिने उतरायला लावू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. डिस्प्रिन, कॉम्बिफ्लाम देऊ नका, खायला-प्यायला देऊ नका, मान चोळू नका. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेण्यात वेळ घालवू नका. सीटी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा: मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे किंवा जवळचं तसं खासगी. कॅज्युअल्टीत ‘खूप डोकं दुखतंय’ एवढंच सांगू नका. ‘नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि मिनिटभरात असह्य झालं’ असं सांगा.

पहिल्या ६ तासांत केलेल्या साध्या सीटीत रक्त जवळजवळ नेहमी दिसतं. नंतर ते विरत जातं. उशिरा केलेला सीटी नॉर्मल आला तर डॉक्टर कमरेतून, मणक्यात सुई घालून, मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायला सांगतात, तेही १२ तास उलटल्यावर, कारण पाण्याला पिवळी छटा यायला तेवढा वेळ लागतो. ‘कमरेत सुई नको’ म्हणून सही नाकारू नका. या सुईनंतर काहींचं डोकं बसल्यावर दुखतं आणि आडवं पडलं की थांबतं. ते पाणी झिरपल्याचं दुखणं, बहुतेकदा आपोआप बरं होतं.

फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो, म्हणून कॉइलिंग (रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुग्यात बारीक तार भरणं) किंवा क्लिपिंगची (कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चिमटा लावण्याची) घाई करतात. नंतर मेंदूला रक्त कमी पडून होणारं नुकसान टाळायला निमोडिपिनची गोळी देतात, सहसा ६० मिग्रॅ दर ४ तासांनी, २१ दिवस. डोकं दुखायचं थांबलं म्हणून ती मधेच बंद करू नका, रात्रीचा डोसही चुकवू नका.

मानेच्या दुखण्याला घाई नाही, चिकाटी लागते. उताणं झोपून हनुवटी किंचित आत घ्यायची, १० सेकंद धरायची, असं १० वेळा, दिवसातून दोनदा, निदान ६ आठवडे. आधी फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं महिनोन्महिने वेदनाशामक घेतली तर गोळ्यांनीच डोकं दुखू लागू शकतं. आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तसं झाल्यावर मानेत नवीन दुखणं, चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा तोल जाणं सुरू झालं, तर तेव्हाही १०८ लाच फोन करा.