मनोरंजन उद्योगातलं यश: नाव कुणाचं, हक्क कुणाचा?

एलिझाबेथ बिलिंग्टन या ऑपेरा गायिकेने 1801 च्या एका हंगामात 10,000 पौंड मिळवले, असं सांगितलं जाई. शंभरेक वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी तिचाच दाखला देऊन म्हटलं, की माणसाचा आवाज मोजक्याच कानांपर्यंत पोचतो, तोवर बड्या व्यावसायिकांची कमाई जशी वाढत गेली तशी गायकांची वाढणं कठीण. तर्क बिनतोड होता, पण ध्वनिमुद्रणाची तबकडी येऊन ठेपली होती. एप्रिल 1902 मध्ये मिलानमधल्या एका हॉटेलात इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोने 100 पौंडांच्या बोलीवर 10 गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि तो गातोय त्या शहरात कधी पाऊल न ठेवलेल्यांनाही त्याचा आवाज ओळखू येऊ लागला.

या क्षेत्रात टिकायला काय लागतं, असं विचारलं की गुण, मेहनत, ओळखी, नशीब अशी यादी ठरलेली असते. ती खोटी नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर त्या यादीत सहसा नसलेली एक गोष्ट वारंवार समोर येते: आपण कशावर सही करतो, आणि सही करूनही आपल्या हातात काय उरतं.

सुरुवातीच्या मूकपटांत नटांची नावं छापतच नसत. नाव झालं की पगार वाढवून मागतील, ही निर्मात्यांची धास्ती त्यामागचं एक मोठं कारण होतं. बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांत दिसणाऱ्या फ्लॉरेन्स लॉरेन्सला प्रेक्षक नुसतं ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणून ओळखत. कार्ल लेमली या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत ओढलं. 1910 साली तिच्या अपघाती मृत्यूची अफवा उठली, आणि लगोलग लेमलीने जाहिरात दिली की ही बातमी धादांत खोटी आहे, लॉरेन्स ठणठणीत आहे आणि आमच्याकडेच काम करते आहे. अफवा त्यानेच पिकवली होती, असं चित्रपटाचे इतिहासकार मानतात. काही असो, तिचं नाव घराघरांत पोचलं. पण 1930 च्या दशकात हीच लॉरेन्स एमजीएम स्टुडिओत किरकोळ, बिननावाच्या भूमिका करत होती. नाव तिला मिळालं, पण त्या नावावर उभ्या राहिलेल्या धंद्यात तिचा वाटा नव्हता.

चार्ली चॅप्लिनचं गणित वेगळं होतं. 1914 मध्ये कीस्टोन या चित्रपट कंपनीकडे आठवड्याला 150 डॉलर, पुढच्या वर्षी एसानेकडे 1,250 आणि 1916 मध्ये म्युच्युअलकडे 10,000, शिवाय 1,50,000 डॉलरचा बोनस. तेव्हा तो 26 वर्षांचा होता. पण माझ्या मते त्याची खरी झेप पगारातली नव्हे. 1919 मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे कलाकार आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासोबत त्याने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही वितरण कंपनी काढली. चित्रपट बनवणं एक आणि तो थिएटरांपर्यंत नेणं दुसरं, आणि पैसा या दुसऱ्या कामात अडकतो, हे या चौघांनी ओळखलं होतं.

बहुतेकांना असली संधी नव्हती. हॉलिवूडच्या स्टुडिओंचा सात वर्षांचा करार म्हणजे जवळजवळ वेठच. भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या मुदतीत पुन्हा जोडले जात, त्यामुळे सात वर्षं प्रत्यक्षात कधी संपतील याचा नेम नसे. अभिनेत्री बेटी डेव्हिस 1936 मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओविरुद्ध लंडनच्या न्यायालयात लढली आणि हरली. दुसरी अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड हिने 1943 मध्ये कॅलिफोर्नियात त्याच स्टुडिओला कोर्टात खेचलं. तिच्या बाजूचा मुद्दा साधा होता: राज्याच्या कामगार कायद्यातली सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. 1944 च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो मान्य केला. खटला चालू असताना वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं धाडून तिचं काम बंद पाडलं होतं. ती परतली आणि पुढच्या काही वर्षांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची दोन ऑस्कर घेऊन गेली. अभिनय तिला आधीही येत होताच.

1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्मिती आणि थिएटरं एकाच हातात ठेवणाऱ्या स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला आणि जुनी पकड सैल होऊ लागली. 1950 मध्ये एजंट लू वॉसरमनने नट जेम्स स्टुअर्टसाठी ठरीव रकमेऐवजी नफ्यात टक्केवारी मागितली, आणि मोठ्या नटांनी तोच मार्ग धरला. पण त्या दशकातला सगळ्यात दूरदर्शी सौदा मला दूरचित्रवाणीवरचा वाटतो. लुसिल बॉल आणि देसी आर्नाझ या कलाकार जोडप्याने 1951 मध्ये आपली मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित करण्याऐवजी लॉस एंजेलिसमध्ये फिल्मवर चित्रित करायचा हट्ट धरला. खर्च वाढला, म्हणून त्यांनी मानधन कमी केलं, आणि बदल्यात चित्रित भागांची मालकी मागून घेतली. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण बघणार, असा तेव्हाचा समज. काही वर्षांनी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने तेच भाग लाखो डॉलर मोजून विकत घेतले, आणि 1957 मध्ये या जोडप्याच्या कंपनीने अख्खा आरकेओ स्टुडिओ घेतला.

ज्यांच्याकडे अशी ताकद नव्हती त्यांना एकजूट करावी लागली. 1960 मध्ये लेखक आणि नट दोघांचाही संप झाला. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होते. नवे चित्रपट टीव्हीवर दाखवले की नटांना पैसे मिळतील, हे त्यातून ठरलं. जुन्या चित्रपटांवरचा दावा मात्र सोडावा लागला. त्या बदल्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्यनिधीसाठी रक्कम मिळाली, आणि ही तडजोड अनेक जुन्या नटांना शेवटपर्यंत सलत राहिली.

1981 मध्ये अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी मार्शल यांचाच धागा पुढे नेला. तंत्रज्ञानामुळे एकाच कलाकाराचं काम सगळ्यांपर्यंत पोचू लागलं की गुणातल्या थोड्याशा फरकानेही कमाईत प्रचंड तफावत पडते, असं त्यांनी दाखवलं. पहिल्या क्रमांकाचं गाणं त्याच किमतीत मिळत असेल तर दहाव्या क्रमांकाचं कोण घेईल? यूट्यूब 2005 मध्ये आलं आणि नेटफ्लिक्सने 2007 मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं, तेव्हा आता कुणाच्याही परवानगीशिवाय लोकांपर्यंत जाता येईल, असा उत्साह होता. जाता येतं हे खरंच. पण लोकांना काय दिसावं हे ती सेवा चालवणाऱ्या कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो, आणि किती जणांनी पाहिलं याचा हिशेब त्या कंपनीकडेच असतो.

हॉलिवूडमधले 2023 चे संप याच हिशेबावरून पेटले. लेखक 148 दिवस आणि नट 118 दिवस बाहेर राहिले. लेखकांच्या करारानुसार, खास स्ट्रीमिंगसाठी बनलेली मालिका वा चित्रपट पहिल्या 90 दिवसांत त्या सेवेच्या देशांतर्गत किमान 20 टक्के ग्राहकांइतक्या प्रेक्षकांनी पाहिला तर लेखकाला बोनस मिळतो. नटांच्या करारात, संगणकाने त्यांची हुबेहूब प्रतिकृती बनवायची असेल तर संमती आणि मोबदला बंधनकारक झाला. संगीताकडे पाहिलं तर स्पॉटिफाय या गाण्यांच्या स्ट्रीमिंग सेवेने 2024 पासून ठरवलं, की मागच्या बारा महिन्यांत ज्या ध्वनिमुद्रणाचे 1,000 स्ट्रीम्सही झाले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतला वाटा मिळणार नाही.