१९१९च्या दोन शस्त्रबंद्या: एक नकाशावरची, एक अटीची

पहिल्या महायुद्धानंतरच्या शस्त्रव्यापाराबद्दल वाचताना १९१९ साल आलं की हमखास घोळ होतो. त्या वर्षी चार महिन्यांच्या अंतराने दोन करार झाले आणि दोन्हींचा विषय बंदुकांची विक्री रोखण्याचाच.

१० सप्टेंबरचा करार पॅरिसजवळच्या सां-जर्मेंचा. त्यात चक्क नकाशा आखला होता: जवळपास सगळा आफ्रिका, इराण, अरबस्तान, तुर्की साम्राज्याचा आशियातला मुलूख ‘निषिद्ध क्षेत्र’. यादीत ग्वादरसुद्धा आहे! एवढंसं बंदर, पण मस्कतच्या बाजारातल्या रायफली मकरान (बलुचिस्तानच्या) किनाऱ्यावर उतरून वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांपर्यंत पोचायच्या आणि हिंदुस्थान सरकारच्या डोळ्यांत ते सलत होतं. अमेरिकेने हात झटकले आणि करार कागदावरच राहिला.

चीन त्या नकाशात नव्हता. त्याच्यासाठीचा करार ५ मेचा, पेकिंगमधल्या (आजचं बीजिंग) परदेशी वकिलातींनी आपसात केलेला. पेकिंग आणि कँटन (आजचं ग्वांगझू) अशी दोन सरकारं, शिवाय प्रांतोप्रांतीचे लष्करशहा. ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स वगैरेंनी ठरवलं की सबंध देश ज्याची सत्ता मानेल असं सरकार येईपर्यंत शस्त्रं द्यायची नाहीत. गंमत अशी की पेकिंगच्या सरकारला हीच राष्ट्रं अधिकृत मानत होती.

मग भांडण लागलं ते ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं यावर. त्याच वर्षी ब्रिटनच्या विकर्स कंपनीने चीनशी व्हिमी कमर्शियल विमानांचा सौदा केला. गोल, फुगीर पोटाचं विमान, आत उतारूंच्या खुर्च्या. ब्रिटनच्या लेखी ती प्रवासी विमानं होती. पुढे त्यातली काही लष्करशहांच्या हाती लागली आणि बॉम्ब टाकायच्या कामी आली. इटलीने आधीचे सौदे पुरे करण्याची सवड मागून घेतली होती. १९२२मध्ये वॉशिंग्टन परिषदेत बंदी घट्ट करण्याचा ठराव आला, तोही बारगळला.

आणि करारात नसलेल्यांना कोण अडवणार? ऑक्टोबर १९२४मध्ये ‘वोरोव्स्की’ हे सोव्हिएत जहाज कँटनजवळ व्हांपोआला लागलं आणि तिथल्या लष्करी शाळेसाठी रायफली उतरवल्या गेल्या.

२६ एप्रिल १९२९ला वकिलातींनी बंदी उठवली. तोवर मांचुरियातल्या मुकदेनला तिथला लष्करशहा चांग त्सो-लिन याने उभा केलेला शस्त्रकारखाना चीनमधल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जात होता.