राणीची बाग : आधी झाडे, मग प्राणी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत नूतनीकरणाचे काम निघाले की चर्चा वाघ आणि पेंग्विनांपाशीच घुटमळते. ही जागा मुळात वनस्पती उद्यान म्हणून आखली गेली, याचा उल्लेख क्वचितच होतो. शेती-बागायतीच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. ती जमीन दफनभूमीसाठी गेली, भायखळ्याला ३३ एकरांवर नवी बाग उभी राहिली आणि १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. १८७३ मध्ये तिचा कारभार पालिकेकडे आला. प्राणी आले १८९० मध्ये, तेही बागेला नव्याने जोडलेल्या १५ एकरांत.

खरा वाद २००७ नंतरचा आहे. प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय दर्जाचे करण्याचा आराखडा तेव्हा पुढे आला. अरुंद लोखंडी पिंजरे जाऊन प्राण्यांना ऐसपैस जागा मिळावी, हे कारण रास्तच होते. मात्र ती जागा जुन्या बागेतूनच काढायचे ठरत होते. कैलासपती, उर्वशी, गोरखचिंच यांसारख्या झाडांच्या बुंध्याभोवती खणले, भराव टाकला किंवा काँक्रीट ओतले, तर कुऱ्हाड न लावताही झाड हळूहळू वठते, त्यामुळे केवळ वृक्षतोड टाळण्याच्या हमीला फारसा अर्थ नव्हता. नागरिकांचा विरोध आणि वारसा समितीचे आक्षेप यांमुळे आराखड्याला बरीच कात्री लागली. याच सुमारास, २००८ मध्ये, आवारातील वस्तुसंग्रहालय मूळ रंगरूप जपून केलेल्या जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले. इमारतीला मिळालेला हा न्याय झाडांच्या वाट्याला का येऊ नये, हे कोडेच आहे.

२०१६ मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी मे महिन्यात गावाकडच्या पाहुण्यांना हमखास दाखवायची ही जागा असल्याने दरवाढ गाजणे साहजिक होते, पण तिच्यावर जेवढी शाई खर्ची पडली तिच्या निम्मीही झाडांच्या वाट्याला आली नाही. आता विस्तारासाठी लगतच्या गिरणीच्या जमिनीकडे पाहिले जात आहे. नवे प्राणी १८९० प्रमाणे अशा वाढीव जमिनीवरच ठेवले, तर मूळ ३३ एकरांत आणखी बांधकाम करण्याचे कारण उरत नाही.