डेबियनचा फ्रीझ

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. तिची नवी स्थिर आवृत्ती काढण्यापूर्वी काही महिने बदलांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणतात, तिला फ्रीझ म्हणतात. फ्रीझ कधी सुरू होणार हे बरेच आधी जाहीर होते. आवृत्ती कधी निघणार हे मात्र गंभीर बग आटोक्यात आल्यावरच ठरते. ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ ला जून २००५ उजाडला. अशा रखडीनंतर २००९ मध्ये ठराविक काळाने फ्रीझ करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

एरवी मेंटेनर, म्हणजे एखादे पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) सांभाळणारा, नवे पॅकेज ‘अनस्टेबल’ या कच्च्या संग्रहात चढवतो. तिथे ते साधारण ५ दिवस (तातडीचे असेल तर २) टिकले, सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) बिल्ड झाले, म्हणजे सोर्स कोडपासून तयार झाले, आणि नवा गंभीर बग घेऊन आले नाही, तर ब्रिटनी नावाचा प्रोग्रॅम ते ‘टेस्टिंग’ या पुढच्या संग्रहात ढकलतो. पुढची स्थिर आवृत्ती याच ‘टेस्टिंग’मधून निघते. म्हणून फ्रीझ म्हणजे प्रत्यक्षात ब्रिटनीचे नियम कडक करणे.

आवृत्ती १३, म्हणजे ट्रिक्सी, हिच्या वेळी १५ मार्च २०२५ पासून कंपायलर (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणारे साधन) आणि मोठ्या लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड) यांचे बदल थांबले. लायब्ररीची बायनरी रचना बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली शेकडो पॅकेजेस पुन्हा बिल्ड करावी लागतात. त्यातले एक अडले तरी सगळी रांग अडते, म्हणून पहिले कुलूप इथेच लागते. १५ एप्रिलच्या सॉफ्ट फ्रीझनंतर नवी पॅकेजेस आणि एकदा बाहेर गेलेली जुनी, दोन्हींना आत येणे बंद झाले. १५ मेपासून हार्ड फ्रीझ: महत्त्वाच्या पॅकेजेसना आणि ज्यांच्या स्वयंचलित चाचण्या नाहीत त्यांना रिलीज टीमची परवानगी लागू लागली. २७ जुलैला पूर्ण फ्रीझ झाला आणि ९ ऑगस्टला आवृत्ती बाहेर पडली.

परवानगी मागणाऱ्याने कारण, धोका आणि केलेली चाचणी लिहून सोबत जुन्या-नव्या सोर्समधला फरक जोडायचा असतो. रिलीज टीम तो फरक ओळीन् ओळ वाचते. दहा ओळींची दुरुस्ती लवकर सुटते. तिच्या आडून प्रोग्रॅमच्या मूळ लेखकांची नवी आवृत्तीच घुसवली, किंवा जाता जाता इंडेंटेशनही (ओळींपुढची मोकळी जागा) ‘नीट’ केले, की विनंती परत येते, आणि ते योग्यच आहे. ज्या बिनमहत्त्वाच्या पॅकेजचा गंभीर बग कोणी हाती घेत नाही ते ‘टेस्टिंग’मधून आपोआप काढले जाते, त्यावर विसंबलेली इतर पॅकेजेसही त्याच्याबरोबर जातात. मेंटेनरला आधी इशाऱ्याची मेल जाते.

नव्याने इन्स्टॉल करताना न दिसणारे दोष अपग्रेडमध्ये वर येतात. समजा, एखादे मॅन पेज (कमांडची माहिती देणारे पान) मुख्य पॅकेजमधून काढून दस्तऐवजांच्या पॅकेजमध्ये टाकले. नव्या पॅकेजने ‘ब्रेक्स’ आणि ‘रिप्लेसेस’ या दोन ओळींत जुन्याचा आवृत्ती क्रमांक नोंदवला नसेल, तर डीपीकेजी हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या पॅकेजच्या फाइलवर लिहायला नकार देते आणि अपग्रेड अर्ध्यात लटकते. मेंटेनरच्या मशीनवर जुने पॅकेज नसले तर त्याला हे कळतही नाही. त्यासाठी पिउपार्ट्स हे साधन जुन्या स्थिर आवृत्तीपासून अपग्रेड करून बघते.

इन्स्टॉलरचे काम स्वतंत्रपणे चालते. संदेश शेवटच्या घटकेला बदलले की भाषांतरे मागे पडतात आणि स्क्रीनवर मधेच इंग्रजी डोकावते. इन्स्टॉलर मराठीतही आहे, पण जोडाक्षरे साध्या टेक्स्ट स्क्रीनवर जुळत नसल्याने तो पर्याय फक्त ग्राफिकल रूपात मिळतो. चाचणी करणाऱ्याने तोच निवडायचा.

प्रकाशनाच्या दिवशी आर्काइव्हमध्ये, म्हणजे पॅकेजेसच्या भांडारात, ‘स्टेबल’ हे नाव जुन्या आवृत्तीवरून नव्यावर सरकवतात आणि पुढच्या ‘टेस्टिंग’ला नवे नाव मिळते. मग इमेज (इन्स्टॉल करण्यासाठी उतरवून घ्यायच्या फाइली) तयार होतात, स्वयंसेवक त्या वेगवेगळ्या पद्धतींनी इन्स्टॉल करून बघतात. या कामात दिवसाचे बरेच तास जातात, म्हणून घोषणा उशिरा येते. ज्याने सोर्स यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) ‘बुकवर्म’ (आवृत्ती १२) ऐवजी ‘स्टेबल’ लिहिले असेल, त्याचे मशीन त्या दिवसापासून नव्या आवृत्तीकडे वळते. सर्व्हरवर ‘बुकवर्म’सारखे कोडनेमच लिहावे.

रिलीज नोट्स हाही तयारीचाच भाग, आणि बहुतेक जण न वाचता सोडतात तोही हाच. ट्रिक्सीच्या नोट्समध्ये बूट विभाजन (मशीन सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) किमान ७६८ एमबीचे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावे असे सांगितले आहे. जुन्या मशीनवर ते अनेकदा लहान असते. मधली आवृत्ती गाळून ११ वरून थेट १३ वर जाता येत नाही. एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या सुरक्षित पद्धतीने) दूरचे मशीन अपग्रेड करायचे असेल, तर आधी बुकवर्ममधलेच ओपनएसएसएच हे त्यासाठीचे पॅकेज सुधारित आवृत्तीवर आणायचे. नाहीतर मधेच जोडणी तुटली तर पुन्हा लॉगिन होण्याची खात्री नाही.