पोलाद परदेशी, मूठ घरची

खंडेनवमीला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत हत्यारं पाटावर मांडली जातात. तलवार-कट्यारीच्या शेजारी एखादं कोरीव नक्षीचं पिस्तूल असलं, तर जाणकार आधी त्याची मूठ बघतो. नळीवर इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं नाहीतर अमेरिकेतल्या हार्टफर्डचं नाव असतं, नक्षीही तिकडच्याच कारागिराची असते. मुठीचं लाकूड मात्र मागाहून बसवलेलं असू शकतं. मूठ हौसेने बदलून घेण्याची ही सोय बंदुकीइतकी जुनी नाही.

मराठी तलवारीच्या मुठीत लाकडाला स्थान नव्हतं. मूठ पोलादी, आत हाताला लागू नये म्हणून गादी. नक्षी हवी असेल तर कोफ्तगरी: पोलादावर उभ्या-आडव्या बारीक रेघा पाडून ते खरखरीत करायचं आणि सोन्या-चांदीची तार त्यावर ठोकून बसवायची. पंजाबातली, आता पाकिस्तानात असलेली सियालकोट आणि गुजरात ही गावं या कामासाठी नावाजलेली. हत्यारात लाकूड आलं ते बंदुकीच्या दस्त्यातून, म्हणजे नळी बसवायच्या लाकडी भागातून. पेटत्या वातीने बार उडणाऱ्या तोड्याच्या बंदुकीची नळी सडपातळ दस्त्यावर चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा पितळी तारेच्या वेढ्यांनी बांधलेली असे.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉइन या युरोपी सेनानीला चाकरीत घेतलं. त्यानंतर आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि युरोपी धाटणीच्या बंदुका तयार होऊ लागल्या. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची स्थिरावली आणि तिचंच लष्कर शहर झालं. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. जिंकलेल्या तोफांचा धातू वितळवून इंग्रजांनी आपल्या शिपायांसाठी पदकं पाडली. आमच्या तोफा अशा त्यांच्या छातीवर लटकल्या!

तोवरच्या पिस्तुलात मूठ अशी वेगळी वस्तू नव्हती. गारगोटीच्या चापाचं पिस्तूल म्हणजे एकाच लाकडात बसवलेली नळी आणि कळ. मूठ फुटली तर अख्खा दस्ता नवा करावा लागे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि हे गणित बदललं. सांगाडा लोखंडाचा झाला, लाकूड फक्त मुठीपुरतं उरलं. कोल्टने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आपली हत्यारं मांडली. गुस्ताव यंगसारख्या जर्मन घडणीच्या कोरक्यांनी पोलादावर वेलबुट्टी भरली आणि अशा नमुन्यांना हस्तिदंती मुठी लागल्या. नक्षीचं पिस्तूल आणि खास मूठ ही जोडी इथे जमली.

१८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला सुरुवातीला अक्रोडाची एकसंध मूठ होती. पुढच्या दशकात कारखान्याने कडक रबराच्या दोन पट्ट्या लावायला सुरुवात केली. स्वस्त आणि टिकाऊ, पण दिसायला रुक्ष. मुठीचे असे दोन भाग झाले आणि ते एका स्क्रूने निघू लागले, ही सुताराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट. आता हत्याराच्या मालकाला आवडेल ते लाकूड वापरता येत होतं.

१८९६ च्या जर्मन मॉझर पिस्तुलाची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, कारण काडतुसांची पेटी चापाच्या पुढे. तिच्या अक्रोडी पट्ट्यांवर आडव्या खाचा असत. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रॉडा या बंदूकविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पळवली ती हीच ५० मॉझर पिस्तुलं. १९११ च्या कोल्टमध्ये काडतुसांची पेटी थेट मुठीत शिरली, त्यामुळे लाकडाला जाडीच उरली नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन स्क्रूंनी धरलेल्या पातळ पट्ट्या आल्या. त्यांवरच्या चौकडीच्या दात्यांत स्क्रूभोवती शंकरपाळ्याच्या आकाराचं साधं लाकूड सोडलेलं असे. ते नुसतं शोभेचं नव्हतं, छिद्राच्या कडेला दाते कोरले तर तिथलं लाकूड कमजोर होतं.

पोलाद शंभर वर्षं टिकतं, लाकूड तेल पितं, घाम पितं आणि स्क्रू जास्त आवळला की तडकतं. ग्वाल्हेरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि लगेच पावसाळा येतो. हवामानाच्या या धक्क्यात अर्धवट वाळलेलं लाकूड आधी आक्रसतं, मग फुगतं. पट्टीखाली ओल अडकली तर आतून पोलादाला गंज चढतो आणि नक्षीच्या रेघा खाल्ल्या जातात. म्हणून नवी मूठ करताना लाकूड किती मुरलेलं आहे हे आधी बघायचं, रंग नंतर. शिसव जड आणि कणखर. अक्रोड हलका, कोरायला सोपा. विडीची पानं देणाऱ्या टेंभुर्णीचा काळा गाभा म्हणजेच आबनूस. दिसतो देखणा, पण कानशीखाली ठिसूळ.

हस्तिदंताचा प्रश्न कायद्याने संपवला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी देशातला त्याचा व्यापार बंद झाला. शिसवावरही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, पण घरच्या वापराला अडचण नाही.

नक्षीदार पोलादाला साधं लाकूड शोभतं, असं माझं मत. आधीच वेलबुट्टी भरलेल्या हत्याराच्या मुठीवर पुन्हा शिंद्यांचे सूर्य-नाग कोरायचे म्हणजे नजरेला विसावा नाही. जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले की रेषा आपोआप उठतात. चपडीचं चकचकीत पॉलिश शोकेसमध्ये छान, घामट हातात निसरडं.

आणखी एक बाजू कागदोपत्री आहे. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिश मुलखाचा होता, संस्थानांचे नियम वेगळे. १९५९ च्या कायद्याने सगळ्यांना एकाच चौकटीत आणलं. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे सुताराकडे पिस्तूल नेऊन ठेवता येत नाही. परवानाधारक दुकानात पट्ट्या काढून घ्याव्यात आणि नमुना म्हणून तेवढ्याच न्याव्यात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या परवान्यातल्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा आजोबांच्या संग्रहातलं काय ठेवायचं हा पेच बऱ्याच घरांपुढे आला.

काढलेल्या जुन्या पट्ट्या फेकू नयेत. जुन्या कोल्ट आणि मॉझरच्या मूळ लाकडावर आतल्या अंगाला हत्याराचा क्रमांक लिहिलेला किंवा ठोकलेला सापडतो. तो सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळला, तर ती मूठ कारखान्यातूनच त्या हत्याराबरोबर आली, याचा तो पुरावा असतो. संग्राहकाच्या लेखी अशा जोडीला नव्या शिसवी मुठीपेक्षा कितीतरी जास्त मोल आहे.