दाउ (इंग्रजी सर्वनाम)

दाउ : इंग्रजीतील द्वितीयपुरुषी एकवचनी सर्वनाम, आता प्रमाणभाषेतून जवळजवळ बाद झालेले. अर्थ सरळ ‘तू’. ‘तुला’साठी ‘दी’, ‘तुझा’साठी ‘दाय’, पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘दाइन’. क्रियापदही सोबत बदलते : ‘यू आर’ऐवजी ‘दाउ आर्ट’.

हा शब्द बहुधा प्रार्थनांत आणि जुन्या कवितांतच भेटतो, म्हणून तो फार आदराचा असावा असा समज आहे. प्रकार नेमका उलटा. जुन्या इंग्रजीत ‘दाउ’ एकाला आणि ‘यी’ (आजच्या ‘यू’चे जुने कर्तारूप) अनेकांना, एवढाच भेद होता. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या वळणाने एकट्या वरिष्ठालाही अनेकवचन लागू लागले आणि ‘दाउ’च्या वाट्याला घरची माणसे, नोकरचाकर आणि देव उरले. विठोबाला ‘तू’ आणि साहेबांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

परक्या प्रतिष्ठिताला ‘दाउ’ म्हणणे म्हणजे उघड अपमान. १६०३ मध्ये इंग्लंडमधील विंचेस्टर येथे दरबारी आणि दर्यावर्दी सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना अरे-तुरे केलेच, वर ‘दाउ’चे क्रियापद बनवून ‘मी तुला अरे-तुरेच करतो, द्रोह्या’ असेही सुनावले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे कारण वेगळे. देवापुढे सगळे सारखे, मग एकट्या माणसाला अनेकवचन ही निव्वळ खुशामत, असे म्हणून ते न्यायाधीशालाही ‘दाउ’ म्हणत आणि त्यापायी मारही खात. संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी सहकाऱ्यांसह १६६० मध्ये या एकवचन-अनेकवचनावर आख्खे पुस्तक काढले. गंमत म्हणजे पुढे अमेरिकेतले क्वेकर कर्त्याच्या जागीही ‘दी’च वापरू लागले; व्याकरणाचा आग्रह तिथे सुटला.

कोणाला किती मान द्यायचा याची खात्री नसली की सरसकट ‘यू’ म्हणणे सोयीचे. सतराव्या शतकाअखेर प्रमाण इंग्रजीत तेच रूढ झाले. १६११ च्या इंग्रजी बायबलात मात्र राजा असो, गुलाम असो वा देव, एकाला ‘दाउ’च आहे, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये भेद वचनाचा आहे, मानाचा नाही. शब्दाभोवतीचे सोवळे वलय मुख्यतः तिथून आले. १९५२ च्या सुधारित इंग्रजी बायबलात तो फक्त देवाला उद्देशून ठेवला गेला.

उत्तर इंग्लंडातील यॉर्कशरच्या बोलीत त्याचे ‘दा’ हे रूप अजून ऐकू येते. तिथे पोराने वडीलधाऱ्याला ‘दा’ म्हटले, तर ते उद्धटपणाचे मानले जाई.